स्विमिंग कॉश्च्युम आणि पाण्यातल्या चपला: आपल्या बांध्याला शोभेल असं कसं निवडायचं

दुकानातल्या आरशासमोर कॉश्च्युम छान दिसतो आणि पाण्यातून बाहेर येताना तोच कॉश्च्युम पोटावर सुरकुत्या पाडतो, पट्टे खांद्यावरून घसरतात, मागची बाजू वर चढते. कारण साधं आहे. ओलं कापड जड होतं, थोडं सैलावतं आणि अंगाला चिकटतं. त्यामुळे कोरड्या अवस्थेत जे जेमतेम बसतं, ते पाण्यात बसत नाही. शोभून दिसण्याचा तीन चतुर्थांश भाग मापातच असतो. रंग, प्रिंट, झालर यांची मदत होते, पण माप चुकलं असेल तर त्यांचा काही उपयोग नाही. म्हणून आधी मोजपट्टी, मग डिझाइन.

मापं: शिंप्याकडच्या मापांनी भागत नाही

ब्लाउजसाठी दिलेली मापं इथे अपुरी पडतात, कारण ब्लाउज कमरेच्या वरच संपतो. वन-पीस कॉश्च्युम खांद्यापासून जांघेपर्यंत एकसंध असतो आणि तो बिघडतो तो बहुतेक वेळा उंचीत, घेरात नाही. पाच मापं घ्या: छाती (सगळ्यात भरलेल्या जागी), छातीखालचा घेर, कंबर, नितंब (सगळ्यात रुंद जागी) आणि पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं, धडाचा पूर्ण फेरा.

हा फेरा एकटीने मोजता येत नाही, कुणाची तरी मदत घ्या. मान आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मध्ये पट्टीचं टोक धरायचं. तिथून पट्टी छातीच्या भरलेल्या भागावरून खाली, दोन्ही पायांच्या मधून, पाठीवरून वर त्याच खांद्यावरच्या त्याच जागी आणायची. ताठ उभं राहायचं, पोट आत ओढायचं नाही. पट्टी अंगाला टेकलेली हवी, रुतलेली नको. कंपन्यांच्या तक्त्यांत हे माप साधारण ५८ ते ६८ इंच असतं आणि एका साइझमधून दुसऱ्या साइझमध्ये जाताना दोनेक इंचांचा फरक पडतो. ५ फूट २ इंच उंचीच्या दोघी मैत्रिणींच्या फेऱ्यात तीन इंचांचं अंतर निघू शकतं, कारण एकीची उंची पायांत असते, दुसरीची धडात. ‘मला एम लागतो’ या एकमेव आधारावर मागवलेला कॉश्च्युम नेमका इथेच फसतो.

फेरा लांब आणि कॉश्च्युम छोटा असेल तर पट्टे खांद्यात रुततात, गळा खाली ओढला जातो, जांघेत कापड काचतं. फेरा आखूड आणि कॉश्च्युम लांब असेल तर पोटावर आडव्या सुरकुत्या येतात, पाठीशी पोकळी राहते आणि सूर मारला की गळ्यातून पाणी आत भरतं. घेर दोन साइझच्या मध्ये येत असेल, तर फेरा पाहून ठरवा: फेरा लांब असेल तर मोठा घ्या, नाहीतर छोटा, कारण पाण्यात कापड थोडं सैल होणारच आहे. छाती एका साइझची आणि नितंब दोन साइझ मोठे असतील, तर वन-पीसच्या मागे लागू नका. टँकिनी घ्या, म्हणजे लांब टॉप आणि वेगळी चड्डी किंवा शॉर्ट्स; वरचं एका मापाचं, खालचं दुसऱ्या मापाचं. फेऱ्याची कटकटही त्यात उरत नाही.

कापड

नायलॉन आणि इलॅस्टेन (बोलीभाषेत लायक्रा) हे मिश्रण सगळ्यात जास्त चालतं, साधारण ८०:२० प्रमाणात. मऊ असतं, अंगाला छान बसतं, पण क्लोरीन इलॅस्टेनचे धागे हळूहळू खातं. आठवड्यातून चार-पाच दिवस तलावावर जाणार असाल तर लेबलवर पॉलिएस्टर आणि पीबीटी (पॉलिएस्टरचाच एक ताणला जाणारा प्रकार) शोधा. हे कापड थोडं कडक वाटतं, ताण कमी देतं, पण क्लोरीनमध्ये कितीतरी पट जास्त टिकतं. वर्षातून दोनदा कोकणात किंवा गोव्यात डुंबणाऱ्यांना नायलॉनचं पुरेसं आहे.

सुती टी-शर्ट आणि लेगिंग्ज घालून पाण्यात उतरणं आपल्याकडे सर्रास चालतं. सुती कापड भरपूर पाणी पितं, जड होऊन खाली ओढतं, पोहताना हातापायांत अडकतं आणि ओलं झाल्यावर अंगाची प्रत्येक रेघ दाखवतं. झाकण्यासाठी घातलेलं कापड उलटंच काम करतं. शिवाय त्याचे तंतू तलावाच्या फिल्टरमध्ये जातात, म्हणून बहुतेक तलावांवर ते चालतही नाही. खरेदीआधी आपल्या तलावाच्या खिडकीवर नियम विचारून घ्या: टोपी सक्तीची आहे का, पूर्ण बाह्यांचा कॉश्च्युम चालतो का, झालरीचा फ्रॉक चालतो का.

अस्तर तपासायचं ते असं. कॉश्च्युमच्या आत हात घालायचा, कापड ताणायचं आणि उजेडासमोर धरायचं. बोटं वेगवेगळी दिसली तर ओलं झाल्यावर त्वचाही दिसणार. स्वस्तातल्या मालात अस्तर फक्त पुढून असतं. पांढरा, फिका पिवळा, अबोली असे रंग घ्यायचे असतील तर पुढूनमागून पूर्ण अस्तर हवंच.

बांध्यानुसार काय निवडावं

सफरचंद, नासपती, वाळूचं घड्याळ अशी बांध्याची नावं सगळीकडे वाचायला मिळतात. फारच थोड्या बायका एका नावात बसतात. आरशासमोर उभं राहून तीनच गोष्टी बघा: खांदे रुंद की नितंब, पोट पुढे आहे का, आणि पाय धडाच्या मानाने लांब की आखूड.

नितंब आणि मांड्या भरलेल्या, खांदे निमुळते: चुका इथेच जास्त होतात. मांड्या झाकायच्या म्हणून बायका मांडीच्या वरच्या भागावर संपणारी चौकोनी शॉर्ट्स घेतात. मांडी सगळ्यात रुंद असते ती जांघेखाली दोन-तीन इंचांवर, आणि शॉर्ट्सची काठ नेमकी तिथेच आडवी रेघ मारते. शिवाय तिथला इलॅस्टिक रुततो, वर-खाली मांस फुगतं. काठ त्या जागेच्या वर तरी हवी किंवा बरीच खाली तरी. वर म्हणजे पायाची कड कमरेच्या हाडाकडे थोडी चढलेली. त्याने पाय लांब दिसतात. खाली म्हणजे मांडीच्या निम्म्याखाली किंवा गुडघ्याच्या दोन इंच वर. चालताना मांड्या एकमेकींवर घासत असतील तर दुसरा पर्याय घ्या, कारण खाऱ्या पाण्यात दोन तास घासलेली मांडी रात्री झोपू देत नाही. वरच्या भागाला फिकट रंग किंवा प्रिंट, रुंद गळा, छोट्या बाह्या. खाली गडद आणि सपाट रंग. निमुळत्या खांद्यांवरून पट्टे सारखे घसरतात, त्यामुळे पाठीवर एकत्र येणारे किंवा फुली मारणारे पट्टे बघा.

खांदे रुंद असतील तर बरोबर उलटं: मानेभोवती बांधायचा हॉल्टर गळा आणि खांद्यावरच्या झालरी टाळा, व्ही गळा आणि मध्यम रुंदीचे पट्टे घ्या, प्रिंट किंवा छोटा स्कर्ट खाली येऊ द्या.

पोट पुढे असेल तर सगळे ‘टमी कंट्रोल’ सुचवतात. मर्यादेत ठीक आहे. पुढच्या भागात जाळीचं घट्ट दुहेरी अस्तर असेल तर पोट नीट धरलं जातं. पण फार आवळलेला कॉश्च्युम ते मांस पाठीकडे आणि काखेखाली ढकलतो, आणि पोहताना श्वास पोटापर्यंत घ्यावा लागतो तो कोंडतो. ट्रायल रूममध्ये स्टुलावर बसा, पाच वेळा पूर्ण श्वास सोडून पूर्ण आत घ्या. बसल्यावर कड खाली गुंडाळली किंवा श्वास अर्ध्यावर अडला तर तो कॉश्च्युम ठेवून द्या. दिसण्यासाठी सगळ्यात उपयोगी म्हणजे एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडे तिरक्या जाणाऱ्या चुण्या. त्या घडीत पोटाचा उंचवटा हरवतो. चुण्या शिवणीत पक्क्या धरलेल्या हव्यात; नुसत्या वरून चिकटवलेल्या असतील तर ओल्या झाल्यावर लोंबतात. दोन्ही बाजूंना गडद रंगाचे, आतल्या बाजूला वळलेले पट्टे आणि मध्ये थोडा उजळ रंग, हीसुद्धा चांगली युक्ती. पोटावर मोठं फूल किंवा कमरेला चमकती बकल नको. सैल, तंबूसारखा टँकिनी टॉप कोरडा असताना पोट झाकतो. पाण्यात तो वर तरंगतो आणि सगळं पोट उघडं पडतं. तो घ्यायचाच असेल तर खालच्या कडेला नाडी किंवा चड्डीला अडकवायचं बटण असलेला घ्या.

छाती भरदार असेल तर छातीचा घेर आणि छातीखालचा घेर यांतला फरक काढा. तो ५ इंचांहून जास्त असेल तर एस-एम-एल साइझ पुरत नाहीत. ब्राप्रमाणे कपच्या मापात येणारे कॉश्च्युम शोधा. छातीखाली आत रुंद इलॅस्टिकची पट्टी असावी, ती पाठीमागेही आडवी सरळ राहावी. मागे वर चढत असेल तर घेर मोठा झाला. खांद्याचे पट्टे किमान इंचभर रुंद आणि लहान-मोठे करता येणारे घ्या. हॉल्टरमध्ये सगळं वजन मानेवर येतं, तासाभरात मान आणि डोकं दुखतं. आतून सुती ब्रा घालणं हा उपाय नाही. ती पाणी धरते आणि पट्टे आणखी खाली ओढते.

छाती लहान असेल तर तिथे चुण्या, आडव्या रेघा किंवा छोटी झालर काम करते. पॅड घ्यायचे तर पातळ आणि भोकं असलेले. जाड फोमचे पॅड पाणी शोषतात आणि बाहेर आल्यावर पाच मिनिटं ठिबकत राहतात. सुटे पॅड धुताना गोळा होतात, पोहताना एक काखेकडे सरकतो. चारही कोपऱ्यांवर सुईदोऱ्याने एकेक टाका घाला, प्रश्न मिटतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम स्तन वापरणाऱ्यांसाठी आत खिसा असलेले कॉश्च्युम मिळतात. काखेची बाजू उंच आहे ना हे त्यात आधी बघा.

सरळ बांध्याला, म्हणजे छाती, कंबर आणि नितंब जवळपास सारख्या असलेल्यांना, जवळपास सगळंच चालतं. कमरेचा आभास हवा असेल तर कुशीला गडद वळणदार पट्टे पुरेत. ठेंगण्या बायकांनी एकच रंग, उभ्या शिवणी आणि चढती पायकड घ्यावी. गुडघ्यावर बरोबर संपणारा कॉश्च्युम पाय आखूड करतो.

पूर्ण अंग झाकणारे प्रकार

पूर्ण बाह्या आणि घोट्यापर्यंत पाय असलेले कॉश्च्युम आता सहज मिळतात आणि उन्हासाठी ते खरोखर उत्तम. एकसंध प्रकार दिसायला नेटका, पण बाथरूमला जाताना तो खांद्यापासून सोलून काढावा लागतो आणि ओला परत चढत नाही. जॅकेट आणि पँट वेगळी असलेला जोड जास्त सोयीचा. त्यात जॅकेटच्या आत पँटला बांधायची पट्टी किंवा बटण हवं, नाहीतर पाठीवर पोहताना जॅकेट छातीपर्यंत येतं. पुढची चेन असेल तर वरच्या टोकाला कापडी झाकण आहे ना बघा. नसलं तर हनुवटीखाली चरा पडतो.

फ्रॉक प्रकारात स्कर्ट १० ते १२ इंचांहून लांब नको आणि आत जोडलेली शॉर्ट्स हवीच. लांब घेरदार स्कर्ट पाण्यात वर येतो, पाय मारताना अडतो. नुसतं उथळ पाण्यात उभं राहायचं असेल तर चालेल. शिकायला जाणार असाल तर नको.

गडद रंग सडपातळ दाखवतात हे खरं, पण समुद्रात काळा, निळा, करडा रंग दुरून दिसत नाही. तलावाच्या निळ्या तळावर निळा आणि पांढरा तर हरवूनच जातो. मुलांसाठी भडक केशरी, गुलाबी किंवा पोपटीच घ्या. स्वतःसाठी गडद कॉश्च्युम घेतलात तर समुद्रात डोक्यावर भडक टोपी घाला.

पुरुषांचं थोडक्यात: पोट पुढे असेल तर पट्टा पोटाखाली लोंबकळणारा नको, बेंबीच्या जरा खाली सपाट बसणारा, आत नाडी असलेला हवा. नुसता इलॅस्टिक पाण्यात घसरतो. मांडीला घट्ट बसणारी, गुडघ्याच्या वर संपणारी जॅमर पोहण्यासाठी उत्तम. खिसेवाली सैल बीच शॉर्ट्स किनाऱ्यावर ठीक, तलावावर अनेकदा नाकारली जाते. बारीक पायांवर फार सैल शॉर्ट्स पाय आणखी बारीक दाखवतात.

घालून बघताना

आतली चड्डी ठेवूनच घाला आणि स्वच्छतेचं स्टिकर काढू नका. ते निघालं की परतावा बहुतेक ठिकाणी मिळत नाही. मग दोन्ही हात वर, हात गोल फिरवा, खाली वाका, उकिडव्या बसा, दोन उड्या मारा. इतकं करून कॉश्च्युम एकदाही ओढून नीट करावा लागला नाही, तर तो तुमचा. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत आणि पट्टा इंचभरच उचलला जावा. मागून फोटो काढायला सांगा. नितंबाखाली कापडाची पिशवी दिसली तर ओल्यावर ती दुप्पट होईल.

पायात काय?

तलावावर, किनाऱ्यावर आणि खडकात एकच चप्पल चालत नाही.

तलावावर रबर किंवा ईव्हीएच्या (फोमसारख्या हलक्या प्लास्टिकच्या) चपला हव्यात, तळाला खोल खाचा असलेल्या. ओल्या शहाबादी फरशीवर गुळगुळीत तळ घसरतो. हातावर चपलेचा तळ दाबून बघा: खाचा नखाएवढ्याही खोल नसतील तर नको. बदलण्याच्या खोलीत अनवाणी फिरल्याने बोटांच्या बेचक्यात बुरशी होते, म्हणून चप्पल काठापर्यंत न्या आणि घरी आल्यावर बोटं कोरडी करा.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजतो. कागदावर उभं राहून टाच आणि सगळ्यात लांब बोट यांच्या खुणा करा, अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. आपल्याकडचे ५, ६, ७ हे क्रमांक ब्रिटिश पद्धतीचे, एका क्रमांकाला साधारण ८.५ मिलिमीटर, ३८, ३९ हे युरोपीय, एकाला साधारण ६.७ मिलिमीटर. म्हणूनच दोन्हींची जुळणी कधीच चोख होत नाही, सेंटिमीटरवरच भिस्त ठेवा. उघड्या चपलेत पुढे-मागे अर्धा सेंटिमीटर जागा पुरे.

आता दिसण्याचं. घोट्याभोवतीचा पट्टा पायाला आडवा छेद देतो, त्यामुळे आखूड पाय आणि जाड घोटे आणखी ठळक होतात. त्यांनी पावलावर व्ही आकार करणाऱ्या, त्वचेच्या रंगाच्या जवळ जाणाऱ्या पट्ट्यांच्या चपला घ्याव्यात. पोटऱ्या भरलेल्या असतील तर अगदी पातळ तळाची चप्पल पाय जड दाखवते. दोन-तीन सेंटिमीटरचा सलग जाड तळ तोल साधतो. लांब, अरुंद पावलांना रुंद आडवा पट्टा शोभतो, पाऊल त्यात आखूड दिसतं. रुंद पावलाला वेल्क्रोचा पट्टा हवा. अंगठ्याच्या बेचक्यातली चप्पल त्याच्या करंगळीला बाहेर ढकलते. पावलाची कमान तपासायची असेल तर पाय ओला करून खाकी कागदावर ठेवा. संपूर्ण पाऊल उमटलं तर पाय सपाट आहेत, कमानीला आधार असलेला तळ घ्या. मऊ सपाट स्लिपरमध्ये किनाऱ्यावरची लांब फेरी टाच दुखवते.

वाळूत बेचक्याची चप्पल दर पावलाला वाळू उडवते आणि ओल्या वाळूत रुतून राहते. मागे पट्टा असलेली सँडल बरी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वाळू अनवाणी पायाला सोसत नाही, अलिबागसारख्या काळसर वाळूत तर आणखी नाही.

खडकात मात्र ॲक्वा शूजच, म्हणजे पाण्यात घालायचे रबरी तळाचे पातळ बूट. अलिबागहून ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे चालत जाताना दगडांवर चिकटलेले शिंपले आणि कालवं तळव्याला ब्लेडसारखी कापतात, आणि ती जखम खाऱ्या पाण्यात चिडते. ॲक्वा शूज मोज्यासारखे घट्ट घ्या, पुढे बोटभर जागा ठेवू नका; पाण्यात ते सैलावतात, आत वाळू शिरते आणि टाचेला फोड येतो. तळ रबराचा, दोन्ही हातांनी वाकेल पण खालचा दगड तळव्याला जाणवणार नाही इतका जाड. बाजूला पाणी निथळायला जाळी हवी. पाकट माशाच्या काट्यापासून मात्र हे पातळ बूट वाचवत नाहीत. २०१३ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेकांना पाकटाने दंश केला होता. उथळ गढूळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, तळाला घासत चाला, पाकट आधीच सरकतो. दंश झालाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून दवाखाना गाठा.

टिकवायचं कसं

पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्या. कापडाने आधी साधं पाणी पिऊन घेतलं की क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं. बाहेर आल्यावर लगेच साध्या पाण्यात धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत आडवा वाळवा. मशिन, गरम पाणी आणि इस्त्री टाळा. तेल इलॅस्टेन सैल करतं, म्हणून अंगाला खोबरेल चोपडून उतरू नका. ॲव्होबेन्झोन असलेलं सनस्क्रीन पाण्यातल्या लोहाशी मिळून फिक्या कापडावर तांबूस डाग पाडतं. बोअरच्या पाण्यात ते जास्त दिसतात. तलावाच्या खरबरीत काठावर थेट बसलं की मागच्या बाजूला गोळे येतात, खाली टॉवेल घ्या.

महिन्यातून एकदा मागची बाजू ताणून उजेडासमोर धरा. कापड विरळ दिसलं, बारीक पांढरे धागे सुटून उभे राहिले किंवा पायाची कड ताणून सोडल्यावर परत आली नाही, तर तो कॉश्च्युम त्याच दिवशी बाद करा. ॲक्वा शूज आतले पॅड काढून, तोंड खाली करून सावलीत वाळवा. उन्हात ठेवले तर तळाचा गोंद सुटतो.